भेव, धसका, दहशत : भीतीच्या शब्दांचा आपल्या जिल्ह्यांतील इतिहास

इतिहासाचा लेख म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. या लेखात त्या अगदीच नाहीत असे नाही, परंतु लेखाचा विषय लहान आहे. माणूस एकाएकी घाबरला म्हणजे त्याच्या तोंडून कोणता शब्द निघतो, आणि तो शब्द तेथवर कोठून आला, एवढाच हा विषय. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत राहणाऱ्यांना तो परका वाटू नये. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आजही जंगलाखाली आहे, आणि चंद्रपुरात तर शहराच्या वेशीपर्यंत वाघ येतो. भीतीच्या शब्दांना आपल्याकडे कधी गंज चढला नाही.

विषय सुचला तो वर्गात. नववीच्या मुलांपुढे मी वर्तमानपत्रातला एक मथळा ठेवला होता : 'अवकाळी पावसाने शेतकरी हवालदिल'. हवालदिल म्हणजे काय, असे विचारले. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, हवालदाराला पाहून ज्याचा दिल बसतो तो." वर्ग हसला, आणि खरे सांगायचे तर मीही हसलो. घरी जाताना मात्र वाटले की पोराने अर्धे उत्तर बरोबर दिले होते. 'दिल' त्याने ओळखला होता. चुकला तो हवालदार. शब्द आहे तो 'हौल', अरबी भाषेतला, अर्थ काळजात भरणारे भय. हौल आणि दिल मिळून हवालदिल. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नानी किंवा दादी आजही म्हणते, "दिल में हौल बैठ गया". म्हणजे ज्या शब्दावर मुलगा शाळेत अडला, तो त्याच्या स्वयंपाकघरात रोज बोलला जात होता. शाळेचे मराठी आणि घरची बोली यांच्यामध्ये आपण एक भिंत आहे असे धरून चालतो, आणि मुलेही तसेच धरतात. त्या भिंतीला दारे किती आहेत हे मोजून पाहावे, म्हणून मी भीतीचे शब्द वहीत टिपू लागलो.

प्रथम जे शब्द निव्वळ अंगाचे आहेत ते घेऊ. अशी कल्पना करा की चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या जंगलाच्या वाटेने पूर्वीच्या काळी एक बैलगाडी चालली आहे. वळणावर काहीतरी सळसळते. बैल थबकतो, कान टवकारतो, मागे सरतो. बैल बुजला. गाडीत पेंगत बसलेला माणूस एकदम जागा होतो. तो दचकला. त्याच्या मांडीवरचे पोर डोळे विस्फारून आईला बिलगते. पोर भेदरले. आईच्या छातीत धस्स झाले. गाडीवान वाघ पाहून बोलू लागतो, पण शब्द जुळत नाहीत. त्याची बोबडी वळली. प्रसंग एकच, क्षणही एकच, पण मराठीने प्रत्येकाला त्याचा त्याचा शब्द दिला आहे, आणि या शब्दांची अदलाबदल करून चालत नाही. बैल भेदरला असे कोणी म्हणत नाही, आणि गाडीवान बुजला असे म्हटले तर तो रागावेल. बुजणे हे मुख्यत्वे गुराढोरांचे आणि घोड्यांचे. शेतात काठीला सदरा घालून आपण जे उभे करतो त्याला बुजगावणे म्हणतात, ते त्यामुळेच.

या शब्दांचे वैशिष्ट्य असे की ते क्षणाचे सोबती आहेत. दचकलेला माणूस लगेच सावरतो. पुष्कळदा दचकल्याबद्दल स्वतःच हसतो. धस्स झालेली छाती दोन श्वासांत ठिकाणावर येते. जंगलात राहणाऱ्याला असे दचकावेच लागते. जो दचकत नाही तो फार दिवस जगत नाही. चितळे, सांबरे, वानरे यांचेही तसेच. वानर झाडावरून ओरडते, खालचे चितळ शेपूट उभारून पळते, आणि थोड्या वेळाने दोघेही चरायला लागतात.

आता आपल्या भागातला शब्द. पुस्तकात भीती वाटते, आपल्या झाडीपट्टीत भेव लागते. "मले भेव लागते" हे वाक्य आपल्या शाळांतून किती मुलांनी 'अशुद्ध' म्हणून खोडून घेतले असेल याची गणना नाही. वस्तुतः त्यात अशुद्ध काही नाही. जुन्या मराठीत क्रियापद 'भेणे' असेच होते, आजचे 'भिणे' हे त्याचे बदललेले रूप. पुण्याकडच्या बोलण्यातून जे गेले ते वैनगंगेच्या काठी राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत बोलल्या जाणाऱ्या या झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर केला, आणि ही बोली म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे हे त्यांनी लोकांच्या ध्यानात आणून दिले. लागणे हे क्रियापदही पाहा. भूक लागते, तहान लागते, तसे भेव लागते. त्यात लाज मानण्याचे कारण नाही, ती शरीराची गरज आहे, असेच जणू बोली सांगते.

काही वाक्प्रचार मात्र आपल्याकडे बाहेरून आले, आणि बाहेरून आल्याची खूण अंगावर वागवतात. 'धाबे दणाणले' हा शब्दप्रयोग आपण परीक्षेत लिहितो. धाबे म्हणजे मातीचे सपाट छप्पर. खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड इकडे धाब्याची घरे असत. वर कोणी धावले की खालचे घर घुमते, आणि रात्री छपरावर पावले वाजली तर आतल्या माणसाची काय अवस्था होईल ते सांगायला नको. आपल्याकडे पाऊस भारी, म्हणून घरे उतरत्या छपरांची आणि कवेलूंची. कवेलूवर कोणी धावू लागला तर दणाणण्याआधी कवेलूच फुटतील. म्हणजे हे धाबे आपल्याकडे कधी नव्हते, दणाणणे तेवढे पाठ्यपुस्तकातून आले.

'पाचावर धारण बसणे' हा दुसरा. धारण म्हणजे धान्याचा बाजारभाव. रुपयाला पाचच मापे धान्य मिळू लागले की गोरगरिबांचे धैर्य सुटे, त्यावरून हा प्रयोग निघाला, असे एक स्पष्टीकरण देतात. ते खरे मानले तर वाघाइतकीच बाजाराचीही भीती माणसाला होती असे दिसते. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, त्यात आपला चांदा जिल्हाही होता. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते दिवस ऐकले वा पाहिले त्यांना हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नसे.

आता राजदरबारातून आलेल्या शब्दांकडे वळू. आपल्या समाजातील पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे अशी विनंती आहे, कारण हे शब्द त्यांच्या ओळखीचे आहेत.

दहशत, धास्ती, हैबत, जरब, हवालदिल. पाचही शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. बहमनी राज्यापासून पुढे काही शतके दक्षिणेत फारसी ही राज्यकारभाराची भाषा होती. आपल्या गोंडवनाचा संबंधही मोगल दरबाराशी होता. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने इस्लाम स्वीकारला, आणि नागपूर वसवण्याचे श्रेय त्यालाच देतात. चांद्याच्या गोंड राजांचा सुमारे ११ किलोमीटर लांबीचा परकोट आजही उभा आहे. त्याच्या चार दरवाजांची नावे म्हणून पाहा : जटपुरा, बिनबा, अंचलेश्वर आणि पठाणपुरा. एकाच भिंतीत किती भाषा नांदतात! १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. भोसल्यांचा कारभार मराठीत, पण ती मराठी फारसी शब्दांनी गच्च भरलेली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे विद्यार्थ्यांनी वाचलेच असेल. कचेरीतले शब्द असे बदलता येतात. जे शब्द लोकांच्या छातीत जाऊन बसले होते ते मात्र जागचे हलले नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला व १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यात असे परके शब्द कोणत्या भाषेतले हे खुणांनी दाखवले आहे. पुढे १९२५ मध्ये कवी माधव जूलियन यांनी फारसी-मराठी कोश सिद्ध केला. जिज्ञासूंनी हे दोन्ही ग्रंथ अवश्य चाळावेत.

या शब्दांचे मूळ अर्थ पाहिले म्हणजे गंमत वाटते. अरबीत दहशत म्हणजे थक्क होणे, चकित होणे. आखाती देशांत नोकरी करून आलेल्यांना हे ठाऊक असेल. हैबत म्हणजे आदरयुक्त धाक, एखाद्या थोर पुरुषापुढे माणूस आपोआप नमतो तो भाव. म्हणूनच ते नाव म्हणून ठेवत. हैबतखान आहेत, तसे हैबतरावही आहेत. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर यांचे नाव हाच अरबी शब्द आहे. मराठीत मात्र 'हैबत खाल्ली' म्हणजे घाबरगुंडी उडाली. जरब तर त्याहून नवलाची. अरबी 'ज़र्ब' म्हणजे घाव, ठोका. उर्दू माध्यमातल्या मुलाला विचारा, तो सांगेल की ज़र्ब म्हणजे गुणाकार. मराठी शाळेत जरब म्हणजे मास्तरांचा धाक. गणिताच्या तासाला दोन्ही अर्थ एकत्र येतात, हा अनुभव माझ्या वाचकांपैकी बहुतेकांनी घेतला असेल.

दहशत आणि धास्ती हे मुळात एकच. दहशत हा शब्द लोकांच्या तोंडी घासून घासून धास्त, धास्ती झाला. एक घरात राहिला, दुसरा कचेरीत. परीक्षेची धास्ती असते, पावसाची धास्ती असते. ती माझी असते, तुमची असते. दहशत मात्र कोणाची तरी असते, आणि ज्याची असते तो घाबरलेला नसतो. 'गुंडाची दहशत' म्हटले की गुंड भ्याला असा अर्थ होत नाही. 'मुलाची धास्ती' असे आई म्हणते तेव्हा धास्ती आईला वाटत असते. व्याकरणाच्या दृष्टीने षष्ठी एकच, पण शब्द कोणत्या बाजूला उभा आहे ते पाहावे लागते.

वहीतली माझी सर्वांत महत्त्वाची नोंद येथेच आहे. मराठीत काही भीती 'बसते' आणि काही भीती 'बसवतात'. धसका बसतो. धडकी भरते. गाळण उडते. ही सारी आपोआप होतात. परंतु जरब बसवतात, वचक बसवतात, धाक बसवतात, दहशत बसवतात. 'बोबडी वळवली' किंवा 'धस्स बसवले' असे मराठी माणूस म्हणत नाही. बसवणे म्हटले की बसवणारा आला, त्याचा हेतू आला. भीतीचा शब्द कानावर पडला की त्याला बसवणे हे क्रियापद चालते का एवढे पाहिले तरी बोलणारा कोणाच्या बाजूने बोलतो ते कळते. वाघाला हे क्रियापद लागत नाही. वाघ कोणावर जरब बसवायला येत नाही, तो आपल्या पोटासाठी येतो. राज्यकर्त्यांचे तसे नसते.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. १८५८ मध्ये अहेरीच्या भागात बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर चिंचगुंडी येथे तारखात्याचे दोन इंग्रज मारले गेले, आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन हादरला. मग इंग्रजांनी काय केले? अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले, बाबुरावांना धरवले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. यातला हादरणे हा शब्द एका माणसाच्या मनाचा आणि थोड्या काळाचा. फाशी मात्र जरब बसवण्यासाठी होती, शेकडो कोस पसरलेल्या जंगलातल्या खेड्याखेड्यांसाठी होती. ती कितपत बसली? आज दीडशेहून अधिक वर्षांनी क्रिक्टनचे नाव शोधून काढावे लागते आणि बाबुरावांचे नाव गोंड मुलांना पाठ आहे.

१९८० नंतर गडचिरोलीच्या जंगलात नक्षलवादी आले आणि वर्तमानपत्रांत दहशत हा शब्द पक्का झाला. पुढे दहशतवाद हा जोडशब्दही सर्वांच्या तोंडी बसला. त्या काळात गावांवर दोन्हीकडून काय गुदरले तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो लिहायला माझ्याहून जाणता मनुष्य पाहिजे. मला शब्दापुरतेच बोलायचे आहे. 'परिसरात दहशतीचे वातावरण' हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा वाचले असेल. ते कोणी गावकरी बोलत नाही. गावकरी म्हणतो, "भेव लागते जी." परिसराला भेव लागत नाही, माणसाला लागते. मथळ्यात परिसर राहतो आणि माणूस गळून पडतो.

वाघाबाबतही तेच. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये अंधारीसह व्याघ्र प्रकल्प झाला, आणि वाघ वाढले याचा आपल्याला अभिमान आहे. पण मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. 'वाघाची दहशत' असे छापून आले. त्या भागातल्या बायका जंगलात वाघाचे नावही घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. गोंडीत वाघाला पुल्ली म्हणतात, आणि सिरोंच्याकडच्या तेलुगूत पुली. एवढे शब्द असून जंगलात शिरताना ओठांवर एकही आणायचा नाही. हंगामात मात्र पहाटे उठून निघायचे, कारण तेंदूचे दिवस थोडे आणि त्यावर घर चालते. भेव आणि पोट यांतले कोणते मोठे, याचा हिशोब त्या रोज पहाटे मांडतात.

आणि शब्द अजून येत आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. तोवर आपल्या मुलांचा हत्ती म्हणजे अहेरी तालुक्यातल्या कमलापूरच्या वनखात्याच्या कॅम्पमधला, पाण्यात डुंबणारा, सहलीत पाहायचा हत्ती. आता धानाच्या बांधीत रात्री हत्ती उभे राहू लागले. त्यांना परतवण्यासाठी बंगालमधून जाणकार माणसे मशाली घेऊन आली, आणि त्यांच्याबरोबर 'हुल्ला पार्टी' हा बंगालचा शब्दही गडचिरोलीत आला. पूर्वी फौजांबरोबर फारसी शब्द आले, आता हत्तींमागून बंगाली आला. पन्नास वर्षांनी कोणी शिक्षक हा शब्द टिपून घेईल, आणि त्याचे विद्यार्थी तो मूळचा झाडीबोलीचाच आहे असे सांगतील.

राहता राहिला धसका. धस्स होते ते क्षणभर, पण तेच आत राहून गेले की त्याचा धसका होतो. आपल्या घरच्या बोलीत हौल बैठना म्हणतात ते हेच. लहान मुलाने धसका घेतला की ते जेवत नाही, झोपेत ओरडते, अंगात कणकण राहते. घरची मंडळी दृष्ट काढतात, दम करून घेतात, ताईत बांधतात. त्यांच्या मायेबद्दल मला आदरच आहे. परंतु मुलाला काय झाले ते त्याच्याच तोंडून ऐकावे, हे बहुधा राहून जाते.

माझ्या वर्गातली एक मुलगी दहा दिवस आली नाही. तिच्या गावाजवळ वाघाने गुराखी मारला होता, आणि शाळेची वाट त्याच बाजूने जात होती. मी घरी गेलो. वडील म्हणाले, "सर, तिने धसका घेतला." मी तिलाच विचारले, "काय ग, वाघाची भीती वाटते का?" ती मान खाली घालून गप्प. आई म्हणाली, "सरांना सांग, शुद्ध नाही आले तरी चालेल." बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "वाघाचं थोडं भेव लागते सर. पण उशीर झाला का तुमचं जास्त लागते."

वाचकहो, माझ्या तासाला टाचणी पडली तर ऐकू येई याचा मला गर्व होता. वर्गावर माझी जरब आहे असे मुख्याध्यापक चारचौघांत म्हणत, आणि मी ते प्रशस्तिपत्रक समजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. छडी मी कधी वापरली नव्हती. उशिरा येणाऱ्याला दाराशी उभे करणे मात्र चालू होते. त्या मुलीला गावातून निघायला उजाडण्याची वाट पाहावी लागे, कारण अंधारात त्या वाटेने कोणी जाऊ देत नसे. आणि उजाडल्यावर निघाले की प्रार्थना चुके. वाघ आणि मास्तर, दोघांच्या मध्ये ती सापडली होती.

त्या गावची पाच मुले आता एकत्र निघतात, पुढे-मागे एकेक मोठा माणूस असतो, आणि त्यांची हजेरी दुसऱ्या तासाला घेतली जाते. निबंधाच्या वहीत तिने अलीकडे 'भेव' असे लिहिले आहे. मी लाल शाईने त्याखाली रेघ मारलेली नाही.